मन्सूरचाचांचं डोंगरी माप

गाडीत ड्रायव्हर नसताना गाडी चालू लागलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांतली मी नव्हे. मोखाड्याच्या शाळेत मी गणित शिकवते, आणि उशिरा आलेली पोरं जी कारणं देतात त्यांतलं खरं कुठलं नि थाप कुठली, हे मला त्यांनी तोंड उघडण्याआधी कळतं. तरीसुद्धा ती जीप आठवली की आजही शेजारी बसलेल्याचा हात घट्ट धरावासा वाटतो.

जीप अफजलची होती. पण ही गोष्ट अफजलची नाही, त्याच्या थोरल्या भावाची, मन्सूरचाचांची आहे. त्या काळात ज्यांनी जव्हार-मोखाडा रस्त्यावर जीपनं ये-जा केली, त्यांना मन्सूर मिस्त्री कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते.

चाचांचं गॅरेज जव्हारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, उतारावर. समोर आमच्या बाबांचं, म्हणजे दामोदरशेठचं किराणा दुकान. दोघं सकाळी एकाच वेळी फळ्या काढायचे आणि रामराम-सलाम न करता थेट काल अर्धवट राहिलेलं भांडण पुढे चालू करायचे. भांडण कशावरही चालायचं. पाऊस कधी उघडेल, गूळ कुठला चांगला, एस.टी.चा कोण ड्रायव्हर शहाणा आणि कोण दीडशहाणा. चाचांचा सदरा मूळचा कुठल्या रंगाचा हे त्यांच्या बायकोला, खैरूनचाचीलाही सांगता आलं नसतं. माणसांशी बोलणं त्यांना जड जायचं, गिअरबॉक्सशी मात्र ते तासन्‌तास बोलत. इंजिनाला हात लावत नसत. ‘इंजिन काय, कुणीही करतं,’ असं म्हणायचे. आई ‘भात काय, कुणीही लावतं’ म्हणते त्याच सुरात.

जीप गल्लीत शिरायच्या आधी नुसत्या आवाजावरून ते सांगायचे की हिच्या तिसऱ्या गिअरचे दात गेले. कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं. चुकलं की दोन दिवस घुम्यासारखे बसायचे. चूक झाल्याचं दुःख त्यांना बेताचंच असे, ती बाबांना कळली याचं फार असे.

आता त्यांच्या मापाविषयी. गिअरबॉक्सात तेल किती भरायचं याचा नियम अगदी सोपा आहे. बाजूला एक भोक असतं, त्याला बूच. गाडी सपाट जागी उभी करायची, बूच काढायचं, तेल भोकाच्या काठाला लागेपर्यंत ओतायचं आणि थांबायचं. चाचांना हा नियम मान्य नव्हता. तो लिहिणाऱ्यानं घाट पाहिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे गाडी सपाट असते तरी कधी? चढावर तिचं नाक वर झालं की तेल सगळं मागे पळतं आणि पुढचे दात कोरडे फिरतात. म्हणून ते गाडी गॅरेजसमोरच्या उतारावर नाक वर करून उभी करत आणि मग भरत. तशा गाडीत भोकातून बाहेर सांडायच्या आधी बरंच जास्त तेल मावतं. ड्रायव्हर लोक याला डोंगरी माप म्हणायचे. त्या मापानं भरलेला गिअरबॉक्स घाटात बसला असं कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हाचं तेलही जाड असे, मधासारखं. थंडीत डब्यातून पडायलासुद्धा ते कुरकुर करायचं. थोडं जास्त झालं तरी जागच्या जागी गप बसून राहायचं.

माझा धाकटा भाऊ सौरभ या गॅरेजातच अर्धा वाढला. पुढे इंजिनिअर झाला आणि ठाण्याकडच्या एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. काम काय, तर गिअरबॉक्सचं तेल पातळ करणं. हे त्यानं पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आई हातात डाव धरून त्याच्याकडे बघतच राहिली.

‘वरण जरा पातळ झालं तर ताट सरकवतोस,’ ती म्हणाली, ‘आणि तेल पातळ करायला तुला पगार देतात?’

मग त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. लावणीच्या वेळी खाचरातल्या गुडघाभर चिखलातून चालताना पाय किती जड होतो, आणि तेच ओढ्याच्या पाण्यातून चालताना किती हलका. गिअरचे दात दिवसभर जाड तेलाचा चिखल तुडवत असतात आणि त्या तुडवण्यात डिझेल जळतं. तेल पातळ केलं तर शंभर लिटरमागे दोन-तीन लिटर वाचेल. ऐकायला एवढंसं वाटतं, पण देशातल्या सगळ्या गाड्यांचं मिळून केवढं होईल! अडचण अशी की पातळ तेलाचा दातांवरचा थरही पातळ, तो फाटला की लोखंडाला लोखंड लागतं. तो थर फाटू नये म्हणून तेलात काय आणि किती मिसळायचं, यात सौरभची नि त्याच्या सोबत्यांची तीन वर्षं गेली होती. बाबांना यातलं किती समजलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून साखर घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चिखलाचा नि ओढ्याचा दाखला ऐकावा लागू लागला.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात ते तेल प्रयोगशाळेतून रस्त्यावर आलं. कंपनीनं चाचणीसाठी पाच गाड्या घेतल्या. चार सपाट रस्त्यांवरच्या. पाचवी घाटातली हवी, असा हट्ट सौरभनं धरला. जे तेल जव्हार-मोखाड्याला टिकेल ते कुठेही टिकेल, असं त्यानं साहेबांना सांगितलं. वारंवार घरी यायची सोय होईल हेही त्याच्या मनात असणार, पण ते त्यानं साहेबांना सांगितलं नसावं. अफजलची जीप ठरली. भरणार अर्थातच मन्सूरचाचा. दुसऱ्या कुणाच्या हातात ती जीप गेली असती तर चाचांनी आमच्या गल्लीत राहणं सोडलं असतं.

चाचांनी तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि सौरभकडे असं पाहिलं की जणू त्यानं चहा म्हणून कोमट पाणी पुढे केलं आहे. पण नाही म्हणाले नाहीत. सौरभनं त्यांना बजावून सांगितलं की गाडी सपाट जागी लावा, भोकापर्यंतच भरा, वर थेंबभरही नको. मी तिथेच उभी होते. ‘हो बेटा,’ असं चाचा म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

तेवढ्यात वरून खैरूनचाचीची हाक आली. तांदळाच्या रोट्या नि मटण तयार होतं. आमच्या घरात मांसमच्छी चालत नाही, सौरभची मात्र लहानपणापासून चाचीच्या घरी सोय लागलेली. आईला ते ठाऊक होतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. रोट्या गरम आहेत म्हटल्यावर सौरभ वर गेला. तो जेवून खाली आला तेव्हा चाचा हात पुसत होते. कंपनीच्या रीतीप्रमाणे त्यानं बुचाला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलं, म्हणजे चाचणी संपेपर्यंत कुणी उघडायला नको. सील ठोकण्याआधी बूच काढून एकदा आत बोट घालून बघायला हवं होतं. ते त्यानं केलं नाही. ज्या माणसानं आपल्याला पाना धरायला शिकवला, त्याचं काम त्याच्यादेखत तपासायचं, हे आमच्या गल्लीत बसत नाही.

पुढचे काही आठवडे सौरभचे फोन वाढले. इतर चार गाड्यांचं डिझेल कागदावर मांडल्यासारखं वाचत होतं. अफजलची जीप मात्र कधी वाचवे, कधी नाही. तो दोनदा येऊन घाटातून जीपमध्ये बसून गेला. अफजल म्हणाला, गिअर तर लोण्यासारखे पडतात. मग डिझेल जातं कुठे, हे कुणालाच कळेना. सौरभचं तोंड उतरलेलं बघून आई त्याला म्हणाली की घाटच खातो रे डिझेल, तू कशाला जिवाला लावून घेतोस.

मग तो बाजाराचा दिवस आला.

आई नाचणी आणायला मोखाड्याला आली होती. पोशेऱ्याची सोमी दरवर्षी तिच्यासाठी निवडक नाचणी राखून ठेवायची. शाळा सुटल्यावर मी स्टँडवर येणार आणि दोघी अफजलच्या जीपनं जव्हारला जाणार, असं ठरलेलं. मी पोचले तेव्हा जीप चढावर नाक वर करून उभी होती. अफजल टपरीपाशी उभा राहून जव्हार, जव्हार करत सीटा गोळा करत होता. जीपच्या मागे आई आणि सोमी गोणी वर चढवत होत्या. आईनं मला पाहिलं आणि हात वर केला.

त्याच वेळी जीप हलली. पहिल्यांदा मला वाटलं की मलाच चक्कर येते आहे, जीप जागेवरच आहे. इंजिन बंद होतं. कसलाही आवाज नव्हता. स्टिअरिंगवर कुणी नव्हतं. आणि जीप सावकाश, अगदी सावकाश मागे येत होती. सोमी बाजूला फेकली गेली. आई एक पाऊल मागे सरली, दुसरं सरली, आणि तिच्या मागे रस्त्याखालच्या मोरीचा दगडी कठडा होता. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. पुढे जो आवाज झाला तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही.

माणसं धावली, जीप ढकलली. मी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिचा वर केलेला हात तसाच होता, तो मी खाली घेतला. सोमी माझ्याजवळ फतकल मारून बसली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती.

‘कोन नव्हता गाडीत, बाय. आपलीच मांगं आली.’

त्र्यंबकमार्गे नाशिकला नेईपर्यंत आई शुद्धीवर होती. डॉक्टरांनी पाय वाचवायचा प्रयत्न केला, पण गुडघ्याखाली वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सही बाबांनी केली. सकाळी ऑपरेशनच्या खोलीतून तिला बाहेर आणलं तेव्हा चादर एका बाजूला सपाट होती. मी त्या चादरीकडे बघत राहिले. सपाट चादर काय सांगते हे मला दिसत होतं, तरी ते डोक्यात शिरत नव्हतं. आईचा पाय दुसरीकडे कुठेतरी असेल, असं काहीतरी खुळ्यासारखं माझ्या मनात येत होतं.

मोखाड्यात जीप तपासली गेली. गिअर काढलेला, पण हँडब्रेक ओढलेलाच होता. त्या जुन्या जीपांत हँडब्रेकचा ड्रम चाकाशी नसतो, गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाशीच बसवलेला असतो. तेल अडवणारं तिथलं रबर ओलांडून गिअरबॉक्सचं तेल झिरपत झिरपत ड्रममध्ये गेलं होतं. ब्रेकची पट्टी तेलात भिजून चिंब. ओढला काय, न ओढला काय, सारखंच. हे कळायला इंजिनिअर लागत नव्हता. जाड तेल कधी झिरपलं नव्हतं, हे पाण्यासारखं तेल झिरपलं. जव्हारपासून मोखाड्यापर्यंत प्रत्येक टपरीवर हेच बोलणं.

बाबांनी तर सौरभला इस्पितळाच्या व्हरांड्यात, दहा माणसांसमोर गाठलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘तुझ्या तेलानं तुझ्या आईचा पाय नेला,’ ते म्हणाले. ‘आता आणखी कुणाकुणाचा न्यायचाय, ते विचार तुझ्या साहेबांना.’

मला बाबांचा इतका संताप आला होता की मी चार दिवस त्यांना चहासुद्धा हातात दिला नाही, बाकावर ठेवून जायचे. पण सौरभला ते पटलं होतं, हे त्याहून वाईट. त्यानं डोकं वर केलं नाही. मला म्हणाला, ताई, तेल चुकलं. आपण नको तितकं पातळ केलं. कंपनीचे मोठे साहेब जीप बघायला जव्हारला येणार होते. त्यांना सांगायचं की सगळ्या गाड्यांतलं तेल काढून टाका, हे काम इथेच थांबवा, आणि मीही सोडतो; असं तो ठरवून बसला होता. तीन वर्षांचं, त्याच्या एकट्याचं नव्हे तर चौघांचं काम. मी त्याची समजूत काढायला गेले, पण माझ्याकडे सांगण्यासारखं होतं काय? मीही ती जीप मागे येताना पाहिली होती.

मन्सूरचाचा आणि खैरूनचाची रोज नाशिकला यायचे. चाची आईपाशी बसायची. चाचा व्हरांड्यातल्या बाकावर, डबा मांडीवर घेऊन. एक अक्षर बोलायचे नाहीत. आम्हाला वाटलं, दुःखानं वाचा बसली. एकदा बाबा त्यांचा हात धरून रडले, म्हणाले, मन्सूर, माझ्याच पोरानं हे करावं? चाचांनी हात सोडवून घेतला आणि जिना उतरून निघून गेले. मला ते फार विचित्र वाटलं, पण त्या दिवसांत सगळंच विचित्र होतं.

साहेब आले त्या दिवशी मी जव्हारला होते. जीप परत आणून गॅरेजसमोर ताडपत्रीखाली ठेवलेली. घाटातले झाडून सगळे ड्रायव्हर जमले होते. अफजल कोपऱ्यात उभा होता, त्या दिवसापासून तो स्टिअरिंगला शिवला नव्हता. सौरभ खाली वाकून तेल काढायला लागणार इतक्यात चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, इथे नाही. शाळेच्या पटांगणावर न्या.

कुणाला काही समजेना. ज्या माणसानं आयुष्यात सपाट जागी बूच उघडलं नाही, तो पटांगण मागतो आहे! पण त्यांचा चेहरा बघून कुणी विचारलं नाही. ड्रायव्हरांनी जीप ढकलत नेली, पटांगणाच्या मध्यावर लावली. चाचांनी साहेबांना जवळ बोलावून बुचावरचं सील दाखवलं. शाबूत होतं. म्हणजे सौरभनं ते ठोकल्यापासून आत काही घातलं गेलं नव्हतं. मग घमेलं खाली सरकवून ते स्वतः जीपखाली आडवे झाले. सील तोडलं, बूच फिरवलं.

सपाट जागी मापात भरलेल्या गिअरबॉक्सचं ते बूच काढलं तर फार तर एखादा थेंब येतो. त्यातून इतकं तेल झिरपून गेलेलं, म्हणजे थेंबही यायला नको. पण बूच निघालं आणि धार लागली. करंगळीएवढी धार, थांबेचना. पत्र्यावर तिचा आवाज होत होता आणि आम्ही सगळे तो ऐकत उभे. शेजारचा एक ड्रायव्हर पुटपुटला, या अल्ला. घमेल्याचा तळ दिसेनासा झाला तरी चाचा जीपखालून बाहेर आले नाहीत. धार तुटल्यावर आले. त्यांच्या सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत भिजली होती.

‘पोरानं सांगितलं होतं, भोकापर्यंतच,’ ते साहेबांना म्हणाले. ‘मी हो म्हटलं आणि माझ्या मापानं भरलं. वर तेल पातळ दिसलं म्हणून गाडीचं नाक आणखी उचलून अजून घातलं. हे घमेल्यातलं सगळं माझं आहे. कंपनीचं नाही, पोराचं नाही.’

पातळ आहे म्हणून जास्त घातलं! पातळ वरण वाढताना आपण एक डाव जास्त वाढतो, तसं. पुढचे दात कोरडे पडू नयेत या मायेनं घातलं, हेही मला कळत होतं. पण त्या घटकेला मला त्या मायेची किळस आली. एवढे दिवस हा माणूस बाकावर डबा घेऊन बसला होता आणि माझा भाऊ त्याच्यासमोर रोज मरत होता. ते घमेलं उचलून त्यांच्या डोक्यावर ओतावं असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. सौरभ मात्र घमेल्यापाशी आला. ‘मी जेवत होतो,’ एवढंच म्हणाला. साहेबांनी त्याला पाणी दिलं, पाण्याचा पेला हातात धरून तो पुन्हा तेच म्हणाला.

बाबांना मी संध्याकाळी नाशिकला जाऊन सांगितलं. सौरभ आला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माफी वगैरे शब्द आमच्या घरात कुणाला नीट उच्चारता येत नाहीत. चाचांशी मात्र ते बोलले नाहीत. जव्हारला परतल्यावर दोघं सकाळी फळ्या काढायचे आणि दोन्ही बाजूंनी शांतता असायची. गल्लीतल्या लोकांना ती शांतता ऐकवेना.

कंपनीनं काम थांबवलं नाही. मापाबाहेरचं तेलच मागच्या रबरापर्यंत चढून झिरपलं होतं आणि ते घुसळण्यातच डिझेल जात होतं, हेही मग उमगलं. मागचं रबर बदलून, मापात भरून घाटात नव्यानं चाचणी झाली आणि पुढे ते तेल बाजारात आलं. डब्यावर एक ओळ आहे, गाडी सपाट जागेवर उभी करूनच भरावे. ती सौरभनं हट्टानं मराठीत छापून घेतली आहे. चाचांनी गिअरबॉक्सचं काम सोडलं. ड्रायव्हर येत, हात जोडत, ते पंक्चर काढून देत आणि आत निघून जात.

आईला घरी आणलं त्या दिवशी चाचा आले. खैरूनचाची सोबत होती. बाबा उठून आतल्या खोलीत जायला लागले, आईनं त्यांना बसायला सांगितलं. ती पलंगावर उशीला टेकून होती, पायांवर चादर. चाचा उंबऱ्याच्या आत येईनात. तिथूनच त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पटांगणावर सांगितलं होतं तसंच, ताठ उभं राहून, शब्द न चोरता. सौरभचा काही दोष नाही. तेल मी जास्त घातलं. वहिनी, तुमचा गुन्हेगार मी आहे.

आईनं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. तिनं विचारलं ते आमच्यातल्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं; पोलिसांच्या नाही, साहेबांच्या नाही, माझ्याही नाही.

‘अफजल चाकाला दगड का लावत नाही, मन्सूरभाई?’

आमच्या घाटात चढावर गाडी उभी केली की ड्रायव्हर उतरून आधी मागच्या चाकाखाली दगड सारतो. नवी असो, जुनी असो, हँडब्रेक ओढलेला असो, नसो. प्रत्येक थांब्यावर तसे दगड पडलेले असतात. मी रोज त्यांना ओलांडून जाते. अफजलच्या चाकाला तो नसायचा, हे मला त्या क्षणी, आईच्या पलंगापाशी उभी असताना कळलं.

चाचांचा ताठा तिथे मोडला.

‘मीच मना केलं होतं,’ ते म्हणाले. ‘मी बसवलेल्या हँडब्रेकला दगड लावायचा, म्हणजे लोकांनी काय म्हणावं? त्यानं एकदा लावला, तर चार माणसांत मी त्याला शिवी दिली. मग त्यानं कधी लावला नाही.’

इतके दिवस आम्ही तेल, तेल करत होतो. तेल जास्त होतं, पातळ होतं, झिरपलं, सगळं खरं. पण एक वीतभर दगड असता तर जीप जागची हलली नसती आणि आई नाचणीची गोणी घेऊन घरी आली असती.

आई चादरीकडे बघत होती.

‘सोमी म्हणाली होती,’ ती म्हणाली. ‘गोणी उचलायच्या आधी. चाकाला दगुड नाय, असं म्हणाली. मीच तिला म्हटलं, ही मन्सूर मिस्त्रीची गाडी आहे बाई, हिला लागत नाही. आणि मागे जाऊन उभी राहिले.’

चाचा उंबऱ्यावरच खाली बसले. पटांगणावर शंभर माणसांसमोर ज्यांचा आवाज कापला नव्हता, ते दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखे रडू लागले. बाबा जागचे उठले, त्यांच्यापाशी गेले आणि काय करावं न सुचून नुसते शेजारी बसले. आईनं त्यांना थोडा वेळ रडू दिलं.

‘अफजलला गाडी काढायला सांगा,’ मग ती म्हणाली. ‘पोटाला काय खाणार तो. आणि दगड लावायला सांगा.’